यिनअरचं गोड सूप घराघरात कसं आलं: पार्श्वभूमी

दक्षिण चीनमधल्या ग्वांगतोंग आणि हाँगकाँगच्या घरांत जे तोंग सुई, म्हणजे गोड सूप, शिजतं त्यात यिनअर, म्हणजे ते पांढरं झालरीदार अळंबं, एकदम कॉमन आहे. सोबत कमळबिया, वाळवलेली लाल बोरं (खजूर नव्हे, बोरंच) आणि खडीसाखर. पण हे रोजच्या घरात आलं ते अलीकडे. शंभर वर्षांपूर्वी यिनअर साध्या माणसाला परवडायचंच नाही, सिचुआनमध्ये थोंगच्यांगच्या डोंगरात ओकची लाकडं तोडून रचून ठेवायची आणि अळंबं उगवायची वाट बघायची, उगवलं तर उगवलं. त्यामुळे पाकोळीच्या घरट्याच्या सूपसारखंच हेही श्रीमंतांच्याच ताटात जायचं.

अडचण अशी होती की यिनअरला स्वतःला लाकूड नीट पचवता येत नाही. दुसरी एक बुरशी लाकूड कुजवते आणि यिनअर तिच्या जिवावर वाढतं. विसाव्या शतकाच्या मध्यात हे कळलं, दोन्हींचं बियाणं एकत्र मिसळून लावायला लागले आणि पीक भरवशाचं झालं.

खरा वाद झाला तो यानंतरच्या निर्णयावरून. 1970 च्या दशकात फुच्येन प्रांतातल्या गुतियानच्या शेतकऱ्यांनी लाकडाचे ओंडके सोडले, आधी बाटल्या आणि मग प्लास्टिकच्या पिशव्या, त्यात लाकडाचा भुसा, पुढे सरकीची टरफलं. शेडमध्ये साधारण दीड महिन्यात पीक हातात. ओंडक्यावालं घेणारे आजही म्हणतात की पिशवीतलं यिनअर म्हणजे फॅक्टरीचा माल, त्याला हवा तसा चिकटपणा येत नाही, आणि ओंडक्यावाल्याला कितीतरी जास्त भाव मोजतात. मला हे पटत नाही. जात तीच आहे, पिशवीतलंही चांगलं वाळवलेलं असेल तर मस्त दाट होतं, आणि दरवर्षी तेवढे ओक तोडावे लागत नाहीत ही काय लहान गोष्ट आहे का? गरिबाच्या पातेल्यात यिनअर आलं ते या पिशवीमुळेच, हे श्रेय तिला मिळायलाच पाहिजे.

पिशवी बदनाम झाली त्यात मोठा हात गंधकाचा आहे. गिऱ्हाइकाला पांढरंशुभ्र हवं म्हणून काही व्यापारी मालाला गंधकाची धुरी द्यायचे, आणि बोल लागला पिकवण्याच्या पद्धतीला. चांगलं यिनअर किंचित पिवळसर असतं. पुडी उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास आला तर सरळ परत करायचं.

आंबा-पपनस-साबुदाण्याचं जे तोंग सुई सगळीकडे दिसतं ते 1980 च्या दशकातलं, रेस्टॉरंटमधून आलेलं, त्याचा घरच्या परंपरेशी संबंध कमीच. हल्ली तर यिनअरच्या ताज्या गड्ड्या मिळतात, गरम पाणी ओतलं की तयार होणाऱ्या वड्या मिळतात, आणि पाकिटावर "वनस्पती कोलॅजन" असं लिहिलेलं असतं. कोलॅजन हे प्राण्यांच्या शरीरातलं प्रथिन, अळंब्यात ते नसतं. तो दाटपणा त्यातल्या लांब साखळीच्या शर्करांचा असतो, म्हणून तर तो बाहेर यायला वेळ लागतो. घरी करताना वाळलेलं यिनअर गार पाण्यात भिजवायचं, खालचा कडक पिवळा देठ कापून टाकायचा, बोटांनी अगदी बारीक तोडायचं, एक उकळी मोठ्या आचेवर आणि मग मंद आचेवर दीड-दोन तास, चमच्याला तार धरेपर्यंत. कमळबियांच्या आतला हिरवा कोंब काढायचा, नाहीतर सगळं सूप कडू होतं. खडीसाखर शेवटी.

भिजवण्याबद्दल मात्र कोणी पुरेसं बोलत नाही. 1980 च्या दशकात चीनमध्ये खराब झालेल्या यिनअरमधून विषबाधा झाल्या, माणसं गेली. त्यावर वाढणारा एक जिवाणू बोंगक्रेकिक आम्ल नावाचं विष तयार करतो आणि ते उकळून जात नाही. उष्ण हवेत रात्रभर ओट्यावर भिजत ठेवू नका, दोन-तीन तास पुरतात, जास्त वेळ लागणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. बुळबुळीत झालं किंवा वास आला तर धुवून वापरायचा विचारही करू नका, टाकून द्या.