नावावरून पत्ता शोधण्याच्या पद्धती: पार्श्वभूमी

नेटवर्कवरच्या मशीनचं काम आकडी पत्त्यावर भागतं. नाव लागतं ते माणसाला. त्या नावाचा पत्ता विचारायचा कोणाला, यावरून वेगवेगळ्या पद्धती निघाल्या.

इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवर सगळी नावं होस्ट्स डॉट टीएक्सटी या एकाच फाइलमध्ये असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. नवं मशीन जोडलं की त्यांना कळवायचं, आणि बाकीच्यांनी ताजी प्रत उतरवून घ्यायची. पण मशीन वाढली की फाइलही लांबायची आणि ती उतरवून घेणारेही वाढायचे. त्यामुळे वाटपाचा भार मशीनच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात चढत गेला.

यावर पॉल मॉकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये डीएनएस (डोमेन नेम सिस्टिम) मांडलं. कॅशमुळे, म्हणजे आधीची उत्तरं काही काळ साठवून ठेवल्यामुळे, ते वेगवान आहेच, पण मला त्याचं खरं मोठेपण अधिकाराच्या वाटणीत दिसतं. ज्याचं डोमेन (नावांचा गट), त्याने आपल्याखालची नावं आपल्याच सर्व्हरवर ठेवायची. वरच्या पातळीवर फक्त त्या सर्व्हरचा ठावठिकाणा नोंदवायचा. १९८७ चे आरएफसी १०३४ आणि १०३५ (इंटरनेटचे नियम मांडणारे दस्तऐवज) अजूनही त्याचा पाया आहेत. जुनी होस्ट्स फाइलही प्रत्येक मशीनवर टिकून आहे आणि सहसा डीएनएसच्या आधी वाचली जाते. एनएसलुकअप ही नावाचा पत्ता विचारणारी आज्ञा मात्र ती न बघता थेट डीएनएसला विचारते. पिंगला (मशीन उत्तर देतं का ते बघणाऱ्या आज्ञेला) एक पत्ता आणि एनएसलुकअपला दुसरा मिळाला, तर आधी ही फाइल उघडून बघावी.

१९८३ मध्येच आयबीएमच्या पीसी नेटवर्कसाठी नेटबायोस ही स्थानिक नेटवर्कची पद्धत तयार झाली. त्यात नाव जेमतेम १५ अक्षरांचं, आणि ते कोणाचं हे सगळ्या नेटवर्कला ब्रॉडकास्ट करून विचारायचं. ब्रॉडकास्ट राउटरपलीकडे जात नाही, म्हणून पुढे ही नावं एका जागी नोंदवणारे विन्स सर्व्हर आले. विंडोज २००० मध्ये अॅक्टिव्ह डिरेक्टरी (ऑफिसमधली मशीन आणि खाती सांभाळणारी यंत्रणा) डीएनएसवर उभी राहिली आणि विन्सची गरज ओसरली.

सर्व्हरच नसलेल्या छोट्या नेटवर्कसाठी अॅपलने २००२ मध्ये एमडीएनएस (मल्टिकास्ट डीएनएस) वापरात आणलं; त्यात मशीन नावाचा पत्ता एकमेकांनाच विचारतात. डॉट लोकल नावं त्याचीच. विंडोज व्हिस्टात याच कामाला एलएलएमएनआर आलं. त्यात आणि नेटबायोसमध्ये जो आधी उत्तर देईल त्यावर विश्वास ठेवला जातो. नाव टाइप करताना चूक झाली की ते डीएनएसमध्ये सापडत नाही आणि प्रश्न सगळ्या नेटवर्कला जातो; मग हल्लेखोर 'तो मीच' म्हणतो आणि पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून काढलेला सांकेतिक मजकूर) मिळवतो. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोन्हींऐवजी एमडीएनएसकडे वळण्याचा इरादा जाहीर केला. पण एमडीएनएसही उत्तर देणाऱ्याची ओळख तपासत नाही. म्हणून ऑफिसच्या नेटवर्कवर सर्व्हरची नावं डीएनएसमध्येच नोंदवावीत आणि एलएलएमएनआर बंद ठेवावं.