टाचेवरचा सांधा जोडल्यानंतर: ग्राहकांसाठी माहिती

घोट्याच्या हाडाखाली टाचेचे हाड असते आणि या दोहोंमधील सांध्यामुळे पाऊल आत-बाहेर कलते. टाचेचे जुने फ्रॅक्चर, संधिवात किंवा वाढत गेलेला सपाट तळवा यांमुळे हा सांधा झिजला आणि औषधे, इनसोल, पट्टे यांनी वेदना थांबली नाही, तर तो कायमचा जोडण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते. कमी छेदाच्या पद्धतीत काही मिलिमीटरच्या छिद्रांतून दुर्बीण किंवा बारीक फिरते यंत्र घालून उरलेली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) काढतात आणि सी-आर्मच्या (शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर पाहत स्क्रूंनी हाडे घट्ट आवळतात. जखमेचा त्रास यात सहसा कमी होतो. मात्र पावलाचे व्यंग मोठे असल्यास मोठा छेद घ्यावा लागू शकतो.

आमच्या नाशिकच्या दुकानात वॉकर न्यायला येणारे अनेक जण दोन-तीन टाके पाहून "एवढेसेच तर ऑपरेशन" असे म्हणतात, तेव्हा आम्हाला खरोखर काळजी वाटते. कातडीची जखम पंधरवड्यात भरली, तरी हाड जुळायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतातच. पहिले सुमारे 6 आठवडे बहुतेकांना पाय टेकवायची परवानगी नसते, आणि न्हाणीघरापर्यंतची दोन पावलेसुद्धा त्यात मोजावीत. विडी-सिगारेटमुळे हाड न जुळण्याचा धोका वाढतो. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात हवी. पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

वॉकर आणि कमोड खुर्ची थोड्याच महिन्यांपुरती लागत असल्याने ती विकत न घेता भाड्याने न्यावीत, असेच आम्ही सांगतो.

घोट्याची वर-खाली हालचाल बरीचशी टिकते, त्यामुळे सपाट रस्त्यावर चालणे जमते; पण द्राक्षबागेतील ढेकळांत किंवा गडाच्या उतरत्या वाटेवर पाऊल पूर्वीसारखे कलत नाही, हे आधीच जाणून घेतलेले बरे. अशा जमिनीसाठी रुंद टाचेचा, घोट्याला धरून ठेवणारा बूट सोयीचा पडतो. त्याचे माप प्लास्टर निघून सूज स्थिरावल्यावर, शक्यतो संध्याकाळी, दोन्ही पायांचे द्यावे आणि येताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणावी.