अँटिमनी : सुरम्यापासून इन्व्हर्टरच्या बॅटरीपर्यंत

चीनने 15 सप्टेंबर 2024 पासून अँटिमनीच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, डिसेंबरात अमेरिकेला जाणारा माल थांबवला, आणि हे नाव बाजारभावाच्या पानांवर आले. त्याआधी 2023 मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या 30 महत्त्वाच्या खनिजांच्या यादीतही ते होते. खानदेशात हा धातू घरोघरी आधीपासूनच आहे, जिन्याखालच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत.

जुना इतिहास थोडक्यात. अँटिमनीचे मुख्य खनिज स्टिब्नाइट. त्याची काळी पूड सुरमा म्हणून शतकानुशतके डोळ्यांत गेली. (जत्रेत मिळणारा सुरमा बऱ्याचदा शिशाचा निघतो, लेकराच्या डोळ्यांत तो घालूच नये.) छापखान्याच्या खिळ्यांत, म्हणजे अक्षरांच्या ठशांत, शिसे आणि कथिलाबरोबर अँटिमनी असे. 1920 च्या दशकात कोलकात्यात अँटिमनीपासून काळा आजारावरचे औषध तयार झाले, त्याने असंख्य जीव वाचवले.

बॅटरीत हा धातू आला 1881 मध्ये, ब्रिटनमध्ये. शुद्ध शिसे इतके मऊ की नखाने ओरखडा उठतो. बॅटरीच्या प्लेटेचा सांगाडा असलेली त्याची जाळी ओतायला अवघड आणि हाताळताना वाकणारी. अँटिमनी मिसळल्यावर ती ताठ राहू लागली. पण त्याची किंमतही होती. चार्जिंग होताना अँटिमनी धन प्लेटेतून सुटून ऋण प्लेटेवर बसते, तिथे हायड्रोजन लवकर सुटू लागतो आणि पाणी उडते. म्हणून 1935 च्या सुमारास अमेरिकेत टेलिफोन एक्सचेंजच्या बॅटऱ्यांसाठी अँटिमनीऐवजी कॅल्शियम वापरायला सुरुवात झाली. 1970 च्या दशकात तिकडच्या मोटारींतही तेच आले आणि ‘मेंटेनन्स-फ्री’ हा शब्द जाहिरातीत चढला.

खरा वाद इथेच आहे. अँटिमनी काढून टाकल्यावर पाणी टिकले, पण खोलवर उतरवून, म्हणजे जवळपास रिकाम्या करून, पुन्हा भरल्या जाणाऱ्या बॅटऱ्या अकाली बसू लागल्या. धन प्लेटेवर थापलेला शिशाच्या संयुगाचा लगदा जाळीला नीट धरून राहीना. एक्सचेंजमधली बॅटरी बहुतेक वेळ भरलेलीच असते आणि मोटारीतली स्टार्टरपुरती राबते, त्यामुळे त्यांना कॅल्शियम मानवले. 2005 नंतरच्या भारनियमनात खेड्यांत वीज दहा-दहा, बारा-बारा तास जायची, तेव्हा इन्व्हर्टरची बॅटरी रोज तळापर्यंत उतरत होती. ट्रॅक्टरची बॅटरी इन्व्हर्टरला जोडून भागवणाऱ्यांची ती लवकरच कामातून गेली. पातळ प्लेटांचे ते कामच नव्हते. टिकली ती जाड नळ्यांची ट्युब्युलर बॅटरी, आणि तिच्या धन प्लेटेत अँटिमनी असते, पूर्वीपेक्षा बरेच कमी.

त्याचा भुर्दंड उन्हाळ्यात पडतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, बॅटरी गरम खोलीत असते आणि बुचातला फ्लोट लाल खुणेपर्यंत खाली बसतो. मग डिस्टिल्ड वॉटरची धावाधाव. कंटाळा करून कुणी बोअरचे पाणी ओतले, तर त्यातले क्षार प्लेटा खातात आणि दोष मात्र बॅटरीच्या माथी येतो. पाणी टाकण्याची कटकट नको म्हणून सीलबंद, कॅल्शियमवाली बॅटरी घ्यायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो शहरात, जिथे वीज क्वचित जाते, तिथे चालून जातो. रोज वीज जाणाऱ्या गावात तो महागात पडतो.

आता अँटिमनीच्या मागणीत नवा भागीदार आला आहे, सोलर पॅनेल. पॅनेलच्या काचेतले बुडबुडे घालवायला अँटिमनीची संयुगे वापरतात. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरचा 125 मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला तेव्हा याची चर्चा नव्हती. चीनच्या निर्बंधांनंतर काच आणि बॅटरी दोन्हींचे कारखाने एकाच मालामागे आहेत.

भारतात अँटिमनीचे म्हणावे तसे खाणकाम नाही. लाहौल-स्पितीतला साठा बारा शिग्री हिमनदीच्या अंगाला आहे, तिथे पोहोचणेच अवघड. उरते भंगार. भंगारवाला जुनी बॅटरी किलोवर घेतो आणि भाव शिशाचा लावतो. अँटिमनीचे वेगळे पैसे कुणी मोजत नाही. भट्टीत शिसे मऊ, म्हणजे शुद्ध, करताना अँटिमनी वरच्या राखेत निघते, ती परत वापरली जाते किंवा फेकली जाते, हे भट्टीवाल्यावर असते. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.