आधी गाजले, मग कळले

'निर्वाणा मोठा झाला आणि बिघडला, खरा निर्वाणा "ब्लीच"मधला,' असं छातीठोकपणे सांगणारा एखादा तरी जळगाव-धुळ्याच्या रॉकवेड्यांत भेटतोच. गंमत अशी की या अमेरिकन रॉक बँडच्या लहानपणी, म्हणजे 'ब्लीच' या पहिल्या अल्बमच्या वेळी, खानदेशात तो कुणी ऐकलाच नव्हता.

बँड मोठा झाला की बिघडतो, हे भांडण मूळचं अमेरिकेतलं. ऐंशीच्या दशकात तिथे छोट्या कंपन्या आणि कॉलेजांची रेडिओ केंद्रं यांच्या जिवावर असं चाकोरीबाहेरचं रॉक संगीत तगलं. अमेरिकेतल्याच अथेन्स गावच्या आर.ई.एम. या बँडने १९८८ मध्ये वॉर्नर या बड्या कंपनीशी करार केला, तेव्हाच जुने चाहते कुरकुरले. 'ब्लीच' १९८९ चा, सब पॉप या छोट्या कंपनीचा, जेमतेम ६०० डॉलरमध्ये ध्वनिमुद्रित झालेला. सप्टेंबर १९९१ मध्ये बड्या कंपनीकडून निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला आणि जानेवारीत त्याने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला पहिल्या क्रमांकावरून खाली खेचलं. मोजक्यांचा बँड एकदम सगळ्यांचा झाला. बँडचा गायक कर्ट कोबेन यालाही तो अल्बम फार गुळगुळीत वाटू लागला. म्हणून १९९३ चा 'इन युटेरो' स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाकडून मुद्दाम खरखरीत करून घेतला. तरी त्यातली दोन गाणी सफाईसाठी गेली ती आर.ई.एम.च्याच निर्मात्याकडे, स्कॉट लिटकडे! तोही अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला.

आपल्याकडे क्रम उलटा. १९९१ पासून स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आला. केबलवाल्याने गच्ची-गच्चीवरून ओढलेल्या वायरीतून जे आलं, ते आधीच गाजलेलं होतं. दुकानात नव्वदची कॅसेट भरून घ्यायची, तर त्यात एका बँडचं एखादंच गाणं, पुढे-मागे भलतेच. अल्बम ही चीजच अनेकांना ठाऊक नव्हती. पुढे सायबर कॅफेतून एमपीथ्री आल्या, तेव्हा 'ब्लीच' हाती लागला. त्याच्याबरोबर तिकडची नाराजीही आयती मिळाली. माझ्या मते ती थोडी उसनीच आहे: प्रसिद्धी नसती, तर हा बँड भुसावळपर्यंत पोचलाच नसता.

जे खरोखर आपलं होतं, त्याबाबत आपण असे वागलो नाही. अहिराणी गाणी यूट्यूबवर गाजली, खानदेशाबाहेरच्या हळदींत डीजेवर वाजू लागली. ठेका बदलला, साज चकचकीत झाला, म्हणून नाकं मुरडणारे आहेत; पण त्याहून जास्त आहेत ते 'हाई आपलं गानं शे' म्हणत आवाज वाढवायला सांगणारे.