गाण्याच्या पुस्तिका आणि 'चाल'ची ओळ: थोडी पार्श्वभूमी

6 डिसेंबरला दादरला किंवा दसऱ्याला नागपुरात दीक्षाभूमीवर गेलेल्या माणसाला पुस्तकांचे स्टॉल काय असतात ते सांगायला नको. मराठीत स्वतंत्र प्रकाशनाचा विषय निघाला की लोक लगेच साठच्या दशकातल्या अनियतकालिकांवर, म्हणजे लिटल मॅगझिनवर येतात, सायक्लोस्टाइल वगैरे. ते आहेच, पण त्याच काळात आणि त्याच्याही आधीपासून आंबेडकरी गाण्यांच्या पुस्तिकांमधून कवितेची एक मोठी उलाढाल या स्टॉलांवर आणि गायन पार्टीच्या (गायक, वादक आणि कोरस यांच्या ताफ्याच्या) स्टेजखाली चाललेली होती आणि तिला प्रकाशन म्हणायचं कुणाला फारसं सुचलं नाही.

मागचं थोडक्यात. फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या जलशांनी, म्हणजे गाण्या-नाट्यातून प्रबोधन करणाऱ्या कार्यक्रमांनी, तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला, 1930 च्या आसपास नाशिक-मुंबईकडे आंबेडकरी जलसे उभे राहिले. माझी दहा भाषणं आणि एक जलसा सारखेच, हे बाबासाहेबांच्या नावावरचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे, सोडून देऊ. 1956 नंतर जलसा हळूहळू मागे पडला आणि गायन पार्ट्या आल्या. पेटी, ढोलकी, बेंजो, मागे कोरस, आणि कव्वालीसारखे दोन पार्ट्यांचे जंगी सामने, जे रात्रभर चालायचे.

पुस्तिका आल्या त्या या सामन्यांच्या जोरावर. गाणं आवडलं की माणूस खाली उतरून पुस्तिका घ्यायचा, कारण टेपरेकॉर्डर कुणाकडे होता? सोळा नाहीतर बत्तीस पानं, कारण एक फॉर्म, म्हणजे छपाईचा मोठा कागद, दुमडला की तेवढीच पानं होतात, न्यूजप्रिंटसारखा कागद, मधे दोन पिना, मुखपृष्ठावर ब्लॉकने छापलेला बाबासाहेबांचा फोटो. बऱ्याचदा कवीच प्रकाशक, छपाईचे पैसे उधार, आणि पुढच्या कार्यक्रमात विक्री झाली की प्रेसवाल्याचे फेडायचे. अनुदान नाही, समीक्षा नाही, ग्रंथालयाची खरेदी नाही. वाचकानेच चालवलेलं प्रकाशन याहून वेगळं काय असतं ते मला तरी माहीत नाही.

आता मुद्द्याचं. जवळपास प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर कंसात बारीक टायपात 'चाल:' असं लिहून एखाद्या गाजलेल्या सिनेगीताचं तोंड छापलेलं असायचं. यावरून जो वाद झाला तो आजही मिटलेला नाही. एक बाजू म्हणते की सिनेमाच्या चालीवर शब्द बसवणं म्हणजे कविता नव्हे, ते विडंबन झालं, फार तर प्रचार. आणि हे म्हणणारे सगळे बाहेरचेच होते असंही नाही, चळवळीतल्या शिकलेल्या पिढीलाही सत्तरनंतर मुक्तछंद जवळचा वाटायला लागला आणि चालीवरचं गाणं जरा लाजिरवाणं. त्यामुळे पुढे ही गाणी जाड पुठ्ठ्याच्या संग्रहात घ्यायची वेळ आली की संपादकापुढे पहिला प्रश्न हाच, ती ओळ ठेवायची की काढायची.

काढली की कविता 'शुद्ध' दिसते खरी, पण वाचताना अडखळते. कुठे दोन अक्षरं जास्त, कुठे ओळ अर्ध्यावर तुटलेली, कुठे 'गाऽऽ' असे दोन दोन अवग्रह, आणि मग तेच समीक्षक म्हणतात बघा, मात्रा चुकल्यात. मात्रा चुकलेल्या नसतात, चाल हरवलेली असते. नोटेशन छापायची सोय नव्हती, वाचता येणाऱ्यांपैकीही कुणाला ते कळलं नसतं, पण रेडिओवरचं गाणं गावातल्या पोराला तोंडपाठ होतं. त्या एका ओळीत अख्खं स्वरलेखन आलं. फुकटात.

आणि एक गोष्ट मला कायम खटकते. 1880 नंतरच्या संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडा, पदांच्या डोक्यावर तिथेही 'चाल' छापलेली आहे, कधी आधीच्या कुठल्या पदाची, कधी लावणीची. तिथे तिला परंपरा म्हणतात आणि इथे नक्कल. का, ते ज्याने त्याने ठरवावं.

शिवाय या ओळीचा एक उपयोग आहे जो संपादकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच पुस्तिकांवर प्रकाशनाचं सालच नसतं, म्हणजे अभ्यासकाची पंचाईत. पण चालीचा सिनेमा कोणत्या वर्षीचा ते तर शोधता येतं, म्हणजे निदान त्या आधीचं हे गाणं नाही एवढं पक्कं. ओळ काढली की तोही दुवा गेला.

ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या आणि गाणी रिक्षांमधून, हळदीच्या मांडवातून वाजायला लागली, जी पोहोच पुस्तिकेला कधीच जमली नसती. पण कॅसेटच्या कव्हरवर फोटो गायकाचा आणि कवीचं नाव असलंच तर इतकं बारीक की भिंग लागावं. जुन्या कवींनी शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायची संतांची रीत चालू ठेवली होती, म्हणून निदान शेवटपर्यंत ऐकणाऱ्याला गाणं कुणाचं ते कळायचं, पण रेकॉर्डिंगमध्ये वेळ कमी पडला की शेवटचं कडवं कापलं तर तेही गेलं.

मग सीडी, मग यूट्यूब. 2020 मध्ये कोरोनामुळे दीक्षाभूमीचा सोहळा झाला नाही आणि चैत्यभूमीवर लोकांना येऊ नका सांगितलं गेलं, तेव्हा या छोट्या प्रकाशकांची वर्षाची मोठी विक्री एका झटक्यात बुडाली. दुकानं, वितरक यांच्याशी त्यांचा फारसा संबंधच नसल्याने भरून काढायला दुसरी जागा नव्हती. तेव्हापासून व्हॉट्सअॅपवर जुन्या पुस्तिकांच्या पीडीएफ जोरात फिरतात. जपणूक म्हणून हे बरंच आहे पण छापणाऱ्याच्या हातात त्यातून काही पडत नाही. नवी पोरं आता स्वतःच्या बीटवर लिहितात, रॅप करतात, त्यांना उसन्या चालीची गरज नाही. त्यांचे शब्द छापून येतातच असं नाही, आले तरी व्हिडिओच्या खालच्या डिस्क्रिप्शनमध्ये.