जनवकिलीतील पुरावा

जनवकिलीतील पुरावा : एखादा कायदा व्हावा, बदलावा किंवा रद्द व्हावा यासाठी सरकार, विधिमंडळ अथवा स्थानिक संस्था यांच्याकडे केलेल्या पाठपुराव्याला जनवकिली म्हणतात. त्या मागणीला आधार म्हणून मांडलेली आकडेवारी, प्रयोगांचे निष्कर्ष, दप्तरातील नोंदी आणि संबंधित लोकांच्या साक्षी हा तिचा पुरावा होय. न्यायालय घडून गेलेल्या गोष्टीचा निवाडा करते. धोरण ठरवणाऱ्याला मात्र अजून न घडलेल्या गोष्टीविषयी निर्णय घ्यायचा असतो. म्हणून येथे पुरावा खरा असणे पुरेसे होत नाही, तो आपल्या ठिकाणी लागू पडतो हेही दाखवावे लागते.

बडोदे (वडोदरा) शहराचा या विषयाशी जुना संबंध आहे. येथे १८७४ मध्ये दिवाण असलेल्या दादाभाई नवरोजींनी पुढे १८७६ मध्ये हिंदी माणसाचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये ठरवले आणि ते तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावरील खर्चाशी ताडून पाहिले. हिशेबासाठी त्यांनी सरकारी अहवालांतलेच आकडे वापरले. जमीन महसुलावरून सरकारशी आकड्यांनिशी वाद घालणारे रमेशचंद्र दत्त १९०४ मध्ये बडोद्याचे महसूलमंत्री झाले आणि १९०९ मध्ये येथेच, दिवाणपदी असताना, निवर्तले.

सर्वांत बोलका दाखला मात्र सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आहे. तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील दहा गावांत सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, आठ वर्षांचा अनुभव घेऊन १९०१ मध्ये तो पूर्ण तालुक्याला लावला आणि १९०६ मध्ये ६ ते १२ वयाचे मुलगे व ६ ते १० वयाच्या मुली यांच्यासाठी राज्यभर सक्ती केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडताना हाच दाखला दिला. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलग्यांपैकी बडोद्यात ७९.६ टक्के, तर ब्रिटिश हिंदुस्थानात २१.५ टक्के शाळेत होते. मुलींचे प्रमाण अनुक्रमे ४७.६ व ४ टक्के होते. मुलींच्या आकड्यांतली ही तफावत आजही वाचणाऱ्याला थांबवते.

अशा आकड्याची परीक्षा करताना आधी छेद, म्हणजे टक्केवारी ज्या संख्येवर काढली ती संख्या, पाहावा. ‘शाळेत जाण्याच्या वयाची मुले’ त्या काळी प्रत्यक्ष मोजत नसत. एकूण लोकसंख्येच्या १५ टक्के ती असतात असे सरकारी अहवालांत धरून चालत. ब्रिटिश हिंदुस्थानाच्या २१.५ व ४ या आकड्यांची सरासरी १२.७५ येते आणि तिचे १५ टक्के काढले की सुमारे १.९ उरतात; एकूण लोकसंख्येपैकी शाळेत असलेल्यांचा गोखल्यांनी दिलेला आकडाही १.९ टक्केच होता. म्हणजे हिशेब आतून जुळतो, पण तो एका गृहीतावर उभा आहे, आणि ते गृहीत कोणते हे मांडणाऱ्यानेच आधी सांगून टाकणे इष्ट असते. दुसरा प्रश्न पट आणि हजेरी यांचा. सक्तीच्या कायद्याखाली नाव पटावर चढणे सोपे. कापणीच्या दिवसांत ते मूल वर्गात बसले होते का, हे हजेरीपट पाहिल्याशिवाय कळत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. संस्थानिकाच्या हुकमाने जे झाले ते ब्रिटिश मुलखात होईलच कशावरून, असा आक्षेप बडोद्याच्या दाखल्यावर घेतला जाई. त्याचे सबळ उत्तर भूगोलात होते : गुजरातेत बडोद्याचे महाल (तालुके) ब्रिटिश जिल्ह्यांत मिसळलेले होते आणि हद्दीच्या दोन्ही बाजूंना भाषा, जाती व पिके सारखीच होती. राज्यकर्त्याची इच्छा आणि शिक्षणावरचा खर्च मात्र सारखा नव्हता, आणि नेमकी तीच मागणी होती. १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक फेटाळले गेले. पुरावा तोकडा पडला म्हणून ते पडले असे म्हणता येत नाही; सरकारी सभासदांचे बहुमत असलेल्या सभागृहात तो केवळ ऐकला गेला.

आजच्या बडोद्यात हीच कसोटी कशी लागते, ते एका कल्पित अर्जावरून पाहता येईल. रावपुरा, दांडिया बाजार भागातील मराठी कुटुंबांनी मराठी माध्यमाचा प्राथमिक वर्ग चालू ठेवण्याची मागणी केली, तर भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय देण्याविषयीचा संविधानाचा अनुच्छेद ३५०-क त्यांच्या बाजूने उभा राहतो. जनगणनेतील मातृभाषेचा आकडा शहरात मराठी बोलणारे किती हे सांगतो, पण मुलाला त्या वर्गात घालणारे पालक किती हे सांगत नाही. गणेशोत्सवाच्या मांडवात सह्या घेतल्या, तर ज्यांना आधीच आस्था आहे तेच सापडतात. त्यापेक्षा घरोघर जाऊन मुलाचे वय, सध्याची शाळा, अंतर आणि पालकांची लेखी संमती नोंदवणे, तसेच मागील वर्षांची इयत्तावार पटसंख्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागवणे अधिक भक्कम ठरते. ज्या घरांनी ‘आम्ही मुलाला इंग्रजी माध्यमातच घालणार’ असे सांगितले, त्यांची संख्याही त्याच तक्त्यात, त्याच पानावर द्यावी. शिक्षण समितीतील विरोधक पहिल्यांदा तीच मागतो.