मोटारीतील ध्वनिक्षेपक-जुळणी

मोटारीच्या दारांत बसवलेले ध्वनिक्षेपक (बोलीत डोअर स्पीकर), उच्च कंप्रतेचे (फ्रिक्वेन्सीचे) छोटे ट्विटर आणि या दोघांत आवाजाची वाटणी करणारे क्रॉसओव्हर हे विद्युत् मंडल, या तिन्हींचा एकमेकांशी मेळ घालण्याची क्रिया. कानठळ्या बसतील एवढ्या आवाजातही गायकाचा गळा चिरकू नये, हा तिचा हेतू. गोव्यात म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को येथील मोटार-सजावटीच्या दुकानांत अशा संचाला ‘कंपोनंट’ म्हणतात. वूफर (मंद्र स्वरांचा मोठा ध्वनिक्षेपक) व ट्विटर एकाच चौकटीत असले की तो ‘कोअ‍ॅक्सियल’. दोन्ही शब्द सर्वपरिचित आहेत.

चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाचे जनकत्व वादग्रस्त आहे. एर्न्स्ट सिमेन्स यांच्या १८७४ च्या पेटंटात वेटोळ्याचे तत्त्व दिसते, पण ते वाजवण्याजोगा विद्युत् संदेश त्या काळी उपलब्ध नव्हता. ऑलिव्हर लॉज यांचे पेटंट १८९८ चे आहे. पीटर जेन्सन व एडविन प्रिडम यांनी १९१५ च्या सुमारास कर्णा जोडून हे तत्त्व जाहीर सभांसाठी वापरले. तरीही आज दारात बसतो त्या कागदी शंकूच्या ध्वनिक्षेपकाचा आराखडा चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांचा (१९२५) मानणे अधिक सयुक्तिक ठरते. मंद्र व तार भाग वेगवेगळ्या ध्वनिक्षेपकांकडे सोपवण्याची पद्धत १९३० नंतरच्या दशकात बोलपटगृहांमुळे रुजली. मोटारीत रेडिओ अमेरिकेत १९३० च्या आसपास व जर्मनीत १९३२ मध्ये बाजारात आला, मात्र त्यात दीर्घकाळ एकच ध्वनिक्षेपक असे.

क्रॉसओव्हरमधील धारित्र (कपॅसिटर) मंद्र स्वर अडवते, वेटोळे (कॉइल) तार स्वर अडवते. एकच घटक असल्यास अडवलेल्या आवाजाचा उतार सप्तकामागे ६ डेसिबल, दोन असल्यास १२. पहिल्या कोटीच्या, म्हणजे एकाच घटकाच्या, मंडलासाठी धारित्राचे मूल्य म्हणजे १ भागिले (२ × पाय × कंप्रता × संरोध). मोटारीतील नेहमीचा संरोध (इम्पीडन्स) ४ ओहम आणि सांधा (वाटणी होते ती कंप्रता) ३,००० हर्ट्झवर धरला, तर उत्तर सुमारे १३.३ मायक्रोफॅरड येते. स्वस्त ट्विटरच्या तारेला डाळीच्या दाण्याहून थोडे मोठे जे धारित्र डकवलेले असते, त्यावर बहुधा ४.७ किंवा ३.३ लिहिलेले असते. म्हणजे ट्विटर अनुक्रमे साडेआठ व बारा हजार हर्ट्झनंतरच खऱ्या अर्थाने बोलू लागतो. दारातला साडेसहा इंची शंकू मात्र अडीच-तीन हजारांच्या पुढे आपला आवाज समोरच फेकतो, कारण तिथे तरंगलांबी त्याच्या व्यासाएवढी होते. आणि दारात तो समोर म्हणजे गुडघ्याकडे पाहत असतो. मधला पट्टा कोणाच्याच वाट्याला येत नाही. ‘ट्विटर लावले तरी आवाज पोकळच’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथे सापडते. उलट चूकही घडते : ४ ओहमसाठी बेतलेल्या मंडलाला ८ ओहमचा ट्विटर जोडला, तर पहिल्या कोटीत सांधा निम्म्यावर, १,५०० हर्ट्झवर घसरतो आणि ट्विटरच्या नाजूक वेटोळ्यावर नको तेवढा भार येतो.

उतार कोणत्या जातीचा असावा, याबद्दल दोन परंपरा आहेत. स्टीफन बटरवर्थ यांचा १९३० चा निबंध मुळात गाळणी-प्रवर्धकांविषयी (फिल्टर-अ‍ॅम्प्लिफायरविषयी) होता, ध्वनिक्षेपकांविषयी नव्हे. त्याचे सूत्र पुढे क्रॉसओव्हरमध्ये आले. त्यात सांध्याच्या जागी दोन्ही ध्वनिक्षेपक ३ डेसिबल खाली असतात. १२ डेसिबलच्या उतारात त्यांच्या कला (फेज, म्हणजे तरंगांची पुढे-मागे स्थिती) नेमक्या विरुद्ध होतात. तारा सरळ जोडल्या तर तिथे खड्डा पडतो, उलट जोडल्या तर ३ डेसिबलचा उंचवटा उरतो. ह्युलेट-पॅकार्डमधील अभियंते सीगफ्रीड लिंक्विट्झ व रस रायली यांच्या मांडणीत (१९७६) दोघे ६ डेसिबल खाली भेटतात आणि बेरीज सपाट येते. १२ डेसिबलच्या रूपात तिथेही ट्विटरच्या तारा उलट कराव्या लागतात. २४ डेसिबलच्या रूपात नाही. ४ ओहम व ३,००० हर्ट्झसाठी १२ डेसिबलच्या या मंडलाला सुमारे ६.६ मायक्रोफॅरड व ०.४२ मिलीहेन्री लागतात. कागदावर लिंक्विट्झ-रायली सरस आहे. मोटारीत हा भेद बराच पुसट होतो, कारण दोन्ही ध्वनिक्षेपक कानापासून समान अंतरावर नसतात. ३,००० हर्ट्झची तरंगलांबी जेमतेम साडेअकरा सेंटीमीटर. ट्विटर खिडकीच्या कोपऱ्यात आणि वूफर पोटरीजवळ असेल, तर अंतरातील सहा सेंटीमीटरचा फरकही कला उलटवतो. म्हणून जाणता कारागीर सूत्रावर थांबत नाही. तो एखाद्या एकल गायनाची ध्वनिफीत लावतो, ट्विटरच्या तारा अदलाबदल करून दोनदा ऐकतो आणि ज्या जोडणीत गळा भरीव होऊन समोरच्या काचेजवळ येतो ती पक्की करतो.

चालक उजवीकडे बसत असल्याने उजवा आवाज आधी पोचतो. अंतरात ६० सेंटीमीटरचा फरक असेल तर पावणेदोन मिलीसेकंदांचा फरक पडतो आणि सारे गाणे उजव्या दाराला चिकटल्यासारखे वाटते. अलीकडच्या यंत्रांत जवळच्या बाजूला विलंब देण्याची सोय असते. ती नसल्यास ट्विटर शक्य तितका दूर व आत वळवून बसवणे एवढेच हाती राहते.

खुद्द दार हा या जुळणीतील सर्वांत दुर्लक्षित घटक होय. पत्र्याच्या आतल्या भोकांतून शंकूच्या मागचा आवाज पुढे येऊन पुढच्याला खातो, त्यामुळे भोके बुजवून पत्र्यावर ब्यूटिल रबराची पट्टी (डॅम्पिंग शीट) चिकटवल्यावर जो ठोस मंद्र मिळतो तो महागड्या वूफरनेही मिळत नाही. गोव्यात यात पावसाची भर पडते. काचेच्या कडेने उतरणारे पाणी दारातून खाली वाहून तळच्या छिद्रांतून बाहेर पडावे अशी योजना असते. ऑगस्टमध्ये दाराचे आवरण उघडले, तर ही छिद्रे जांभ्या मातीच्या लाल गाळाने बुजलेली, वूफरची अग्रे (तारा जोडण्याची टोके) हिरवट पडलेली आणि एमडीएफची (दाबलेल्या लाकूड-भुशाची) कडी बिस्किटासारखी फुगलेली असे दृश्य नवे नाही. किनारपट्टीत म्हणून मरीन प्लायवूडची कडी, पॉलिप्रॉपिलिनचा शंकू आणि कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार पसंत करावी. कागदी शंकूचा मंद्र अनेकांना गोड वाटतो. तो शंकू वापरल्यास त्याला वरून छोटे छप्पर द्यावे. पाण्याची तळची छिद्रे मात्र डॅम्पिंगच्या भरात कधीही बुजवू नयेत.

मोठ्या आवाजात ट्विटर का जळतात, यावर मतभेद आहेत. एक प्रचलित स्पष्टीकरण असे : प्रवर्धक कमाल मर्यादेला टेकला की तरंगाचा माथा कापला जातो आणि त्यातून निघणारे उच्च संनादी (मूळ कंप्रतेच्या पटींतले स्वर) ट्विटरला जाळतात. परंतु १०० हर्ट्झच्या पूर्ण चौकोनी तरंगातही ३,००० हर्ट्झवरील ऊर्जा दीड टक्क्याहून कमी भरते. त्यामुळे दुसरे मत अधिक पटते : मंद्र भाग छताला लागून थांबतो, बटण पुढे फिरवले की उरलेला तार भागच वाढत जातो आणि ट्विटरचा वाटा हाताबाहेर जातो. खोक्यावरील ‘५० × ४ वॉट’ या आकड्यावर भिस्त ठेवणारे यात हमखास फसतात. गाडीच्या १४.४ व्होल्टवर, व्होल्ट वाढवणारे मंडल नसताना, ४ ओहमला न फाटता मिळणारी शक्ती सैद्धांतिकदृष्ट्याही २६ वॉटच्या आसपास संपते.

ट्विटर सहसा वूफरपेक्षा अधिक संवेदी असतो. त्याला दाबण्यासाठी क्रॉसओव्हरच्या डबीवर ०, −३ (डेसिबल) अशी घरे असतात. बंद काचांच्या छोट्या गाडीत −३ बहुधा योग्य पडते.

जुळणीच्या परीक्षेसाठी गोव्यातील श्रोत्याला परदेशी चकती लागू नये. चवथीला घरोघरी मराठी आरत्यांसोबत वाजणारे घुमट (मातीचे चर्मवाद्य, २०१९ पासून गोव्याचे राज्य वारसा वाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) व कांसाळे (झांज) यांचे ध्वनिमुद्रण पुरेसे आहे. घुमटाचा घुमारा दाराची परीक्षा घेतो, कांसाळ्याची किणकिण ट्विटरची. शामेळावरच्या बारीक काठ्यांचा प्रहार मात्र सांध्यावर पडतो. तो एकसंध न ऐकू येता थाप खाली आणि टक् वर असा दुभंगला, तर क्रॉसओव्हर पुन्हा उघडावा.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही परिसराची मर्यादा आहे. नीट बंदिस्त केलेल्या दारातून बाहेर गळणारा आवाजही कमी होतो. गल्लीतून गाडी जाताना शेजाऱ्यांना ऐकू येते ती बरेचदा नंबरपट्टीची खडखड असते.